नापास वायरींच्या गाठी

रीडिंगकाका दारात उभे राहिले की एकच शब्द बोलत. "मीटर." पुढेमागे नमस्कार नाही, येऊ का नाही, काही नाही. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी या एका शब्दावर काढली. तो कानावर पडला की घरात पळापळ होई. कुणी मीटरसमोरची सायकल बाजूला घेई, कुणी दोरीवरचे ओले कपडे गोळा करी, आणि मीटरखाली कुणाची आजी झोपलेली असेल तर तिला उठवून खुर्चीत बसवलं जाई. काका टॉर्च मारत, मान वर करून आकडा वाचत, टिपून घेत आणि वळत. या वेळी जरा जास्त नाही का वाटत, असं कुणी धीर करून विचारलंच तर उत्तर तयार असे.

"मी म्हणत नाही, मीटर म्हणतंय."

हे म्हणताना त्यांची डावी भुवई वर जाई आणि ओठ पाकीट चिकटवल्यासारखे मिटत. आकडा कशानं वाढतो, हे त्यांना कधी कळलं नाही, आणि कळावं असं वाटलंही नाही. टपालवाला पाकिटं उघडून वाचतो का, असं ते उलट विचारत. एका बाईंच्या घराला कुलूप असताना मीटर मात्र भिंगरीसारखं फिरत राहिलं. बाई कचेरीत येऊन रडल्या. पुढे कळलं की शेजाऱ्यानं त्यांच्या मीटरवरून गुपचूप वायर ओढली होती. काका ही गोष्ट अजूनही रंगवून सांगतात आणि शेवटी मांडीवर थाप मारतात, की आकडा बरोबरच निघाला की नाही? बाईंचं काय झालं, ते त्यांच्या गोष्टीत येत नाही.

मग नवी मीटरं आली. ती आपला आकडा आपणच कचेरीला कळवू लागली, आणि काका निवृत्त झाले. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते मागे पडतंय, हे त्यांनी समारंभातच सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं. त्यानंतर मात्र कुणाच्या दारात उभं राहायचं तर कारण लागू लागलं. आत बोलावलं तर चपला काढाव्या लागू लागल्या. पूर्वी ते बुटांसकट थेट स्वयंपाकघरापर्यंत जात. आता उंबऱ्याशी वाकून बक्कल सोडताना त्यांच्या चेहऱ्यावर पदावरून उतरवलेल्या राजासारखा भाव येई.

त्यांना पुन्हा गादीवर बसवलं ते पुतण्यानं, आणि तेही जीव सोडवून घ्यायला. काका त्याच्याकडे राहायला गेले होते आणि घरातल्या एकेका बटणाची उलटतपासणी घेत होते. कंटाळून त्यानं त्यांच्या हातात यूएसबी टेस्टर ठेवला. अंगठ्याएवढी पेटी. एक टोक चार्जरमध्ये खुपसायचं, दुसऱ्या टोकाला वायर लावायची, वायरीला फोन. मधल्या इवल्याशा काचेवर आकडे उजळतात, किती व्होल्ट येताहेत आणि किती अँपिअर वाहताहेत. काकांच्या अंगावर काटा आला. पुन्हा आकडे. आणि या खेपेला शिडीसुद्धा चढायची नाही.

परतीच्या प्रवासात त्यांचा फोन संपला होता. ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात सहसा घडत नसे. घरी पोचल्यावर त्यांनी चपलाही न काढता आपला चार्जर, टेस्टर, आपली काळी वायर आणि तो मेलेला फोन अशी आगगाडी जोडली. काचेवर आकडा चढला, एक पूर्णांक अठ्ठ्याण्णव अँपिअर. त्या क्षणी त्या काळ्या वायरीचा राज्याभिषेक झाला. काकांनी ती चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवली आणि त्यानंतर पुन्हा कधी तपासली नाही. पहिल्या नंबरानं पास झालेल्याला कुणी परत परीक्षेला बसवतं का?

आता काकांना माहीत नव्हती ती गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी. रिकामा फोन ढसाढसा पितो. भरलेला फोन घोट घेतल्यासारखं करतो आणि तोंड मिटतो. आणि काकांचा फोन कायम भरलेला. शंभर. अठ्ठ्याण्णव दिसले की ते चार्जर शोधू लागत. नव्वदच्या घरात फोन घेऊन फिरणाऱ्या माणसांबद्दल ते, दात न घासता लग्नाला येणाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलत. हाच तुडुंब भरलेला फोन घेऊन ते जगातल्या वायरी तपासायला निघाले.

पहिला बळी घरातच पडला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी काकूंची पांढरी वायर लटकलेली असे. तिच्यावर फोन लावून काकू उभ्याउभ्या बहिणीशी बोलत. काकांनी ती टेस्टरला लावली, पलीकडे आपला शंभर टक्के फोन जोडला. आकडा आला शून्य पूर्णांक शून्य सात. "मेली," काका म्हणाले. काकूंनी सांगून पाहिलं की आज सकाळीच तिनं त्यांचा फोन भरला होता. काकांची डावी भुवई वर गेली.

"मी म्हणत नाही, हा म्हणतोय."

आणि त्यांनी वायरीला गाठ मारली. नापास वायर चुकून कुणी वापरू नये म्हणून ही त्यांची पद्धत. साधीसुधी गाठ नाही. दोन्ही टोकं धरून, खालचा ओठ दातांत दाबून, करकचून ओढलेली. काकूंनी ती वायर पाहिली, मग काकांकडे पाहिलं, आणि खाली जिन्याखाली दुकान असलेल्या आपल्या धाकट्या भावाकडून दुसरी वायर आणली. ती त्यांनी पिठाच्या डब्यामागे ठेवली. त्या जागी काकांचा हात आजवर कधी गेला नव्हता.

मग इमारतीत पुन्हा दारं वाजू लागली. आता शब्द बदलला होता. "चार्जर." लोक गोंधळून चार्जर आणत, वायरी आणत, आणि काका बुटांसकट आत. शिकवणीबाईंची वायर नापास, गाठ. बेकरीवाल्याच्या दोन्ही वायरी नापास, दोन गाठी. बेकरीवाला म्हणाला की काका, फोन तर चार्ज होतो हो. त्यावर काका हसले; डॉक्टर हसतो तसं, पेशंट म्हणाला की मला बरं वाटतंय. म्हणाले, होतोय असं वाटतं. कुरियरवाल्याची पॉवर बँक त्यांनी जिन्यातच अडवली. भरलेला फोन काही ओढेना, आणि कुणी ओढत नसेल तर पॉवर बँक थोड्या वेळानं आपली आपण बंद होते, तशी ती झाली. "झोपाळू आहे," काकांनी निदान केलं, "हिच्यावर विसंबू नकोस." कुरियरवाल्यानं गंभीरपणे मान डोलावली आणि संध्याकाळपर्यंत त्याच झोपाळू पॉवर बँकेवर गल्ल्यान् गल्ल्या पालथ्या घातल्या.

लोक खरं सांगायचं तर हसत होते. काकांची पाठ वळली की बेकरीवाला पावाला गाठ मारल्याचा अभिनय करी. पण हसता हसता एक प्रश्न मात्र सगळ्यांच्या डोक्यात बसला, की ही वायर घेतली कुठून? आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच निघे. जिन्याखालून. मेहुण्याकडून.

मेहुण्याचं दुकान म्हणजे खरं तर एक तिरकी खाच. वर जिना, खाली तो. उभं राहिलं की डोकं पायरीला लागे, म्हणून तो कायम बसलेला, आणि कायम बसलेला म्हणून सगळ्यांना वाटे की त्याला काही काम नाही. वायरी, चार्जर, फोनची कव्हरं, एक पंखा, एक स्टूल. जागा सोसायटीची, दर वर्षी समितीनं होकार दिला की तो आणखी एक वर्ष बसे. दुसरीकडे दुकान घ्यावं अशी त्याची ऐपत नव्हती आणि दुसरा धंदा त्याला येत नव्हता.

काकांचं त्याच्याशी फाटलं ते एका दुपारी. काकांनी मोठ्या मनानं सांगितलं होतं, की मी तुझ्या दुकानात बसतो, गिऱ्हाइकासमोर एकेक वायर तपासतो, पास झाली तरच वीक. मेहुणा हसून म्हणाला, "भाऊजी, बसा की. फक्त गिऱ्हाईक असताना नको." काकांनी हे वाक्य घरी येऊन काकूंना निरनिराळ्या आवाजांत करून दाखवलं, आणि प्रत्येक खेपेला त्यातला मेहुणा आणखी उर्मट होत गेला.

नेमकं त्याच सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी व्यायामाची सायकल घेतली. घरात ती मावेना. त्यांची प्रत्येक गोष्ट "आपलं काही म्हणणं नाही, पण" अशी सुरू होई. आपलं काही म्हणणं नाही, पण जिन्याखाली निकृष्ट माल विकला जातो असं ऐकतो. आपलं काही म्हणणं नाही, पण ती जागा कोरडी आहे, हवेशीर आहे. समितीच्या बैठकीत या वर्षीचा होकार द्यायचा की नाही, हा विषय निघाला, आणि तज्ज्ञ म्हणून कुणाला बोलवायचं हे विचारायचीही गरज पडली नाही.

काकू काकांशी बोलायच्या थांबल्या. म्हणजे बोलत, पण फ्रीजशी. "जेवण वाढलंय म्हणावं." "गरम आहे तोवर या म्हणावं." काकांनी सांगून पाहिलं, की तपासणीला नातं नसतं, सख्खा भाऊ असता तरी मीटर तेच म्हणालं असतं. काकूंनी फ्रीजचं दार लावलं आणि बऱ्याच काळानं थेट त्यांच्याकडे पाहिलं.

"तो जिन्याखालून उठला ना, तर त्याच्याबरोबर मीही हा जिना उतरेन."

काकांनी ते हसण्यावारी नेलं. पण त्या दुपारी त्यांना नीट झोप लागली नाही.

बैठक रविवारी सकाळी तळमजल्यावर, अध्यक्षबाईंच्या दवाखान्यात भरली. अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर. आयुष्यभर तोंड उघडून पडलेल्या माणसांशीच बोलल्यामुळे त्या प्रश्न विचारत आणि उत्तरासाठी थांबत नसत. बाहेरच्या खोलीत पेशंटांच्या खुर्च्या, भिंतीवर हिरड्यांचं गुलाबी चित्र, टेबलावर हाताएवढी प्लॅस्टिकची दाढ. बाई आल्या, बसल्या, म्हणाल्या, काय होतंय, कधीपासून होतंय, बरं, बघू या.

काकांनी दाढ बाजूला सरकवली आणि आपलं सामान मांडलं. चार्जर बोर्डात, टेस्टर चार्जरमध्ये. मेहुण्याला त्यांनी दुकानातल्या तीन नव्या वायरी आणायला लावल्या होत्या, पाकिटं न फोडलेल्या. मेहुणा त्या घेऊन दाराशी उभा होता आणि आज पहिल्यांदाच सगळ्यांना दिसलं की तो चांगला उंच आहे. काकू शेवटच्या खुर्चीत, हातात पिशवी घेऊन. पिशवी बरीच भरलेली दिसत होती, आणि काकांनी तिच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं.

पहिली वायर, काकांचा फोन. शून्य पूर्णांक शून्य सहा. गाठ. दुसरी, शून्य सात. गाठ. तिसऱ्या वायरीच्या वेळी तर त्यांनी आकडा वाचलाही नाही, नुसतं टेस्टरकडे बोट दाखवलं आणि ओठ मिटले. व्यायामवाले म्हणाले की आपलं काही म्हणणं नाही, पण आकडाच बोलतोय. मेहुणा गाठींकडे बघत राहिला.

"मग निरोगी वायर कशी दिसते?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

याच प्रश्नासाठी काका जगत होते. त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली, डबीतून ती काळी वायर काढली, आणि दोन बोटांत धरून क्षणभर हवेत ठेवली. ही बघा, म्हणाले, आता दोनला टेकतो की नाही बघा. लावली. जोडली. सगळे पुढे वाकले.

शून्य पूर्णांक शून्य सहा.

काकांनी फुंकर मारली. वायर काढून सदऱ्याला पुसली, पुन्हा लावली. शून्य सहा. उलटी करून लावली. शून्य पाच. तेवढ्यात शेवटच्या खुर्चीतून काकूंचा आवाज आला. कित्येक दिवसांनी नवऱ्याला उद्देशून, फ्रीजला मध्ये न घेता.

"अहो, गाठ मारा की."

काकांचे कान लाल झाले. ते म्हणाले की बोर्डात दोष असणार. अध्यक्षबाई म्हणाल्या की त्या बोर्डावर त्यांचं दात कोरायचं यंत्र चालतं, आणि आजवर एकाही पेशंटनं ते मवाळ असल्याची तक्रार केलेली नाही. इतक्यात त्यांचाच फोन टेबलावर कुईकुई करू लागला. चार टक्के उरले होते. बाईंना पेशंटांचे फोन यायचे होते आणि वायरीच्या जातकुळीत त्यांना काडीचा रस नव्हता. कुठली का असेना, एक द्या, म्हणाल्या. मेहुण्यानं टेबलावरची एक नापास वायर उचलली, नखानं गाठ सैल करून सोडवली, काकांची काळी वायर काढून तिच्या जागी लावली आणि बाईंचा फोन जोडला. मधला टेस्टर तसाच होता.

एक पूर्णांक ब्याण्णव.

"वाढला की हो," बेकरीवाला म्हणाला.

काका म्हणाले की बाईंचा फोन नको तितकं ओढतो, त्यातच बिघाड आहे. मेहुण्यानं मुकाट्यानं दुसरी गाठ सोडवली, दुसरी वायर लावली. एक पूर्णांक नव्वद. तिसरी, पुन्हा ब्याण्णव. शेवटी काकांच्या राजवायरीवर तोच फोन लावला, तीही नव्वदला पोचली. म्हणजे राजा आणि प्रजा एकाच मापाची. अध्यक्षबाईंनी काकांचा फोन उचलला, चष्मा कपाळावर सरकवून पाहिला.

"शंभर टक्के? अहो, याचं तोंड काठोकाठ भरलंय. आणि तुम्ही वरून चूळ ओतताय?"

सगळ्यांना एकदम कळलं. काकांना सगळ्यात शेवटी. ते कळताना त्यांच्या डोळ्यांसमोरून इमारतीतली एकेक खुंटी गेली, एकेक खण, आणि प्रत्येकात एकेक गाठ. त्या कुलूपवाल्या बाईसुद्धा कुठून तरी येऊन गेल्या. शेवटच्या खुर्चीत भरलेली पिशवी होती. काकांनी तोंड उघडलं. अध्यक्षबाई सवयीनं आत बघायला वाकल्या. आता "चुकलं" एवढाच शब्द बाहेर यायचा होता. तो जिभेच्या टोकापर्यंत आलाही असेल, पण या तोंडाची त्याच्याशी ओळख नव्हती.

"हेच तर मला सिद्ध करायचं होतं," काका म्हणाले. "तपासणी रिकाम्या फोनवर करायची असते. फार थोड्यांना ठाऊक असतं हे."

बेकरीवाला इतका हसला की त्याला दाढेचा आधार घ्यावा लागला. व्यायामवाल्यांचं या वेळी खरोखरच काही म्हणणं नव्हतं. अध्यक्षबाईंनी मेहुण्याला आणखी एका वर्षाचा होकार दिला, सायकलीवर रोज बसलात तर ती घरातही मावेल असं व्यायामवाल्यांना सुचवलं, आणि पुढच्या पेशंटाला आत घ्यावं तशी सगळ्यांना बाहेर जायची खूण केली.

जिना चढताना काकू पुढे होत्या, पिशवीसकट. वर जात होत्या, एवढं काकांनी पाहून घेतलं. दारात थांबून त्या म्हणाल्या की आधी लोकांच्या गाठी सोडवून या, मग बघू.

तेव्हा दारं तिसऱ्यांदा वाजली. आता शब्द होता "फेरतपासणी." माफीचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे स्वरातच येई. यासाठी काकांना फोन मुद्दाम उतरवावा लागला. पन्नासच्या खाली आल्यावर ते सदऱ्याची बटणं उघडी राहिल्यासारखे सारखे स्वतःला चाचपत होते. शिकवणीबाईंकडे त्यांनी बूट उंबऱ्याबाहेर काढले. कुणी सांगितलं नव्हतं, पण काढले. मग जमिनीवर बसून आपलीच गाठ आपल्याच नखांनी उकरू लागले. करकचून मारण्यात त्यांचा हातखंडा; सोडवण्याचा सराव शून्य. शेवटी दात लावले. बेकरीवाल्यानं प्रेमानं विचारलं की काका, पाव उचलायचा चिमटा देऊ का.

बहुतेक वायरी पास झाल्या. एखादीच्या आतली तार मात्र इतके दिवस गाठीत पिळून तुटली होती, आणि अशा वायरीवर आकडा शून्याला चिकटला की काकांचा चेहरा उजळे. बघा, म्हणत, ही तेव्हाच नापास होती. समोरचा माणूस हो हो म्हणत दार उघडून धरी. त्याला घरातून काका लवकर बाहेर हवे असत.

सर्वांत शेवटी उरली काकूंची पांढरी वायर. पहिली गाठ, म्हणून सर्वांत आवळलेली. काकांनी ती स्वयंपाकघरात उभं राहून सोडवली, टेस्टरला लावली, आणि एकतीस टक्क्यांवर आलेला फोन जोडला. काचेवर काही हललं नाही. वायर खरीच मेली होती.

"बघ, ही तेव्हाच..." काकांनी सुरुवात केली.

काकू फ्रीजकडे वळल्या. त्यांचा एक हात फ्रीजच्या दारावर होता. पिशवी अजून कोपऱ्यात तशीच भरलेली होती.

काकांनी वाक्य गिळलं. पायांत चपला सरकवल्या, जिना उतरले आणि खाली वाकून त्या तिरक्या खाचेत डोकं घातलं. एक वायर हवी, म्हणाले, पांढरी, बहिणीसाठी तुझ्या. मेहुण्यानं काढून दिली. काकांनी स्टुलावर बसून तीही टेस्टरला लावून पाहिली, कारण सवय ती सवय. आकडा दोनच्या जवळ गेला. "चालेल," ते म्हणाले, जसं काही वायरच उपकार मागायला आली होती.

मेहुण्यानं वायर परत हातात घेतली, गुंडाळली, आणि पाकिटात घालता घालता थांबला.

"भाऊजी, गाठ मारून देऊ, की सुटीच नेणार?"